पुनश्च, पण आधी काय?

तुम्हाला म्हणून सांगतो, मला शीर्षकं झकास सुचतात. त्याखाली काय लिहायचं एवढीच काय ती पंचाईत. त्यातही 'पुन्हा', 'पुनश्च', 'नव्याने' ही मंडळी माझी विशेष लाडकी. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी तुरुंग भोगला आणि 1899 मध्ये 'केसरी'त अग्रलेख लिहिला तो 'पुनश्च हरि: ॐ'. केदार शिंदे यांचं 'सही रे सही' 2002 मध्ये आलं, तुफान चाललं आणि पुढे त्याचं 'पुन्हा सही रे सही' झालं. कवी दिलीप चित्र्यांनी तर थेट 'पुन्हा तुकाराम' म्हटलं. मग आपणच का मागे राहायचं?

सोसायटीच्या गणपतीत एकांकिका माझ्या गळ्यात पडली, तेव्हा मी नाव दिलं 'पुन्हा नव्याने'. फ्लेक्स आधी छापला, संहिता नंतर लिहिली. नायक नोकरी सोडून गावी शेतीला निघतो अशी कथा. (भुईमुगाच्या शेंगा जमिनीवर लागतात की खाली, हे मला हिला विचारावं लागलं, पण ते असो.) पडदा उघडला, नायकाने "आई, येतो" म्हणत बॅग उचलली तर हँडल हातात आणि बॅग जागेवर, ते पाहून आई झालेल्या काकूंना हसू आवरेना म्हणून त्या विंगेत पळाल्या, त्यांना परत आणायला प्रॉम्प्टर धावला, त्याच्या पायात माइकची वायर अडकली, आणि ती ज्या बोर्डात होती त्याच बोर्डावर बाप्पाची रोषणाई असल्याने तीही गेली. मी अंधारात पुढे होऊन म्हणालो, "रसिकहो, आपण पहिल्यापासून सुरू करू."

पुढच्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, "हो, फ्लेक्सवर वाचलं."

पुन्हा नव्याने सुरू केलं. आता बॅग सुतळीने अशी आवळली होती की गावी पोचल्यावर ती उघडेचना. तीच गाठ सोडवण्यात नायकाचा सगळा पश्चात्ताप संपला, आणि तेवढ्यात मागून महाप्रसादाच्या पुऱ्यांचा वास आला. प्रेक्षक संपले.

'पुन्हा' म्हणायला आधी एकदा काहीतरी घडलेलं लागतं, हे मला तेव्हा कळलं. टिळकांकडे तुरुंग होता, शिंद्यांकडे हाउसफुल्लची पाटी. माझ्याकडे हँडल.

यंदाही एकांकिका माझ्याकडेच आहे. 'पुनश्च पुन्हा नव्याने'चा फ्लेक्स छापायला गेलाय. कथा सुचली तर जरूर कळवा, आणि घरी धड बॅग असेल तर तेवढी द्या.