फाडफाड इंग्रजीच्या सरांना अनावृत पत्र

आदरणीय सर,

तुमचं 'येस, येस' माझ्यासोबत सुखरूप लीड्सला पोचलं. कस्टमवाल्यांनी अडवलं नाही. अडवायला हवं होतं.

तुमची शिकवणच तशी: बोलताना थांबू नका, 'पार्डन' तर तोंडातून काढूच नका, कळलं नाही तरी हसून मान डोलवा. समोरच्याला आपली पातळी कळता कामा नये. केवढं ज्ञान! इथे नर्सिंगच्या पदवीत किमान २,३०० तास प्रात्यक्षिक शिक्षणात काढावे लागतात. तेवढे तास नुसती मान डोलवायची म्हणजे आधी मानेचाच डॉक्टर गाठावा लागेल.

सर्जिकल वॉर्ड, सकाळचा हँडओव्हर. रात्रपाळीची सिस्टर अस्सल यॉर्कशायरची, निम्मे शब्द गिळून बोलणारी. (तुमच्या सीडीतला बीबीसीवाला गृहस्थ या भागात फिरकलेला दिसत नाही.) बेड दोनच्या ड्रेनमध्ये किती रक्त आलं ते ती भरभर सांगून गेली. मी तुमच्या शिकवणुकीला जागून हसायच्या बेतात होते, तेवढ्यात शेजारची केरळची चेची (म्हणजे ताई) म्हणाली, "सॉरी, फिफ्टीन की फिफ्टी?" कुणी फिदीफिदी हसलं नाही, सर. सिस्टरनं सरळ "फाइव्ह-झिरो" असं सुटं करून सांगितलं, चेचीनं ते परत म्हणून दाखवलं आणि काम पुढे सरकलं. पन्नासचे पंधरा ऐकून मान डोलवली तर त्या पेशंटचं काय होतं, हा धडा तुमच्या तीस दिवसांच्या कोर्सात बसला नसावा.

डॉक्टरांना फोन करायची माझी तर पाचावर धारण बसायची. सुपरवायझर बाईंनी 'एसबार' लिहिलेलं कार्ड हातात ठेवलं: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आली. पाणबुडीत आर्टिकल्स शोधत बसायला कुणाला वेळ नसावा. बाईंना शेजारी उभं करून मी फोन लावला आणि कार्डावर बोट ठेवून बोलत गेले: "पेशंट बेड टू. ऑपरेशन यस्टरडे. बीपी गोइंग डाऊन, आय थिंक ब्लीडिंग. प्लीज कम नाऊ." एक 'द' नाही, एक क्रियापद धड नाही. पलीकडून एकच प्रश्न आला, पल्स किती. मी सांगितला. डॉक्टर धावत आले.

तेव्हापासून फोन वाजला की मीच उचलते. नाही कळलं तर "से दॅट अगेन, प्लीज" म्हणते, तेही मोठ्यानं. तुमच्या दृष्टीनं मी वाया गेले.

जाता जाता एक. आई सांगत होती, चौकातल्या फ्लेक्सवर तुम्ही माझा फोटो लावलाय, खाली 'आमची विद्यार्थिनी थेट लंडनमध्ये'. लंडन इथून सुमारे तीनशे किलोमीटर आहे, सर. तेवढं दुरुस्त करा. आणि अमेरिकन अ‍ॅक्सेंटच्या बॅचची जादा फी आईकडे परत पाठवा.

आपली,
फ्लेक्सवरची डावीकडून दुसरी