साहेब, बेस ऐका

घरातले सगळे जिला ‘मागची खोली’ म्हणतात, तिला मी स्टुडिओ म्हणते. आठ बाय दहाच्या या जागेत माझं टेबल, रंग, ब्रश आणि कपडे वाळत घालायची दोरी असते. दोरी आहे तोवर स्टुडिओ हा शब्द मी एकटीच वापरणार, हे मला मान्य आहे. पण दोन देखणे स्पीकर आले की दोरीलाच ओशाळवाणं होईल, असा माझा हिशेब होता. मुलांच्या पुस्तकांत हत्ती-उंदीर काढणाऱ्या बाईला स्टीरिओ कशाला, असं कुणी विचारलं की मी ‘एकाग्रतेसाठी’ म्हणते. खरं तर मला रसिक दिसायचं होतं. एकाग्रता माझी उत्तम आहे, फक्त ती चित्रावर नसते.

बजेट 15 हजार. तेवढ्यात वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा आणि वेगळे स्पीकर, तर दोन्ही बेतास बात मिळतात. त्यापेक्षा पोटातच अ‍ॅम्प्लिफायर असलेली पॉवर्ड स्पीकरची जोडी बरी. वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त 3 डेसिबलनं, आणि कानाला दुप्पट वाटायला वॉट लागतात दसपट, हेही मला कळलं. म्हणजे माझ्या खोलीला एका बाजूला 20 वॉट म्हणजे चैनच. मात्र ते आरएमएस, म्हणजे सतत टिकणारे, हवेत. नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर ठळक अक्षरांत छापलेला तो पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा, आकडा बायोडेटातल्या ‘छंद’ या रकान्यासारखा असायचा. कुणी तपासत नसे, म्हणून वाटेल ते लिहावं.

एवढा दारूगोळा भरून मी पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले. खोकी उचलायला नवरा बरोबर होता. चूक तिथेच झाली.

“आरएमएस किती?” मी विचारलं.

“साहेब, बेस ऐका,” दुकानातला मुलगा नवऱ्याला म्हणाला, आणि शोकेसच्या काचा थरथरल्या.

“छान आहे,” साहेब म्हणाले. साहेब फ्रिजच्या घरघरीलाही छान म्हणतात.

“ट्वीटर कापडी आहे की धातूचा?”

“मॅडम, रंग तीन आहेत. वॉलनट घ्या, फर्निचरला मॅच होईल.”

पैसे मी दिले. हत्तींचे पैसे. गॅरंटी कार्डावर नाव लागलं साहेबांचं.

हे सांगताना मी हसते, पण रिक्षात बसल्यावर हसू आलं नव्हतं. आमच्या माहेरी रेडिओ बाबांचा होता. तो बाहेरच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीशेजारी. आई ऐकायची स्वयंपाकघरातून, भिंतीपलीकडून, फोडणी आणि शिट्ट्यांच्या मधल्या फटीतून. तिला शेकडो गाणी यायची, पण बरीचशी मधूनच सुरू व्हायची. तिनं खुर्चीत बसून एखादं गाणं पहिल्यापासून ऐकलेलं मला आठवत नाही. बाबांनीही कधी खुर्ची दिली नाही, आणि ते काही वाईट नव्हते.

असो. घरी आल्यावर मांडणी. दोन स्पीकर आणि आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण करायचा, ट्वीटर कानाच्या उंचीवर आणायचे, पेट्या मागच्या भिंतीपासून सुट्या ठेवायच्या, नाहीतर बेस घुमतो. त्रिकोणाच्या बरोबर मध्ये दोरी येत होती. ती तशीच राहिली. पहिला मान केसरबाई केरकरांच्या भैरवीला दिला, आणि मग लक्षात आलं की ते मुद्रण मोनो आहे. 15 हजारांच्या दोन्ही पेट्यांतून तंतोतंत तोच आवाज, आणि बाई गातायत बरोबर मधून, म्हणजे वाळत घातलेल्या पंच्यातून.

ही भैरवी साधीसुधी नव्हे. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर भारतीय संगीत म्हणून एवढी एकच चीज आहे. जेमतेम साडेतीन मिनिटं. त्याच वर्षी सप्टेंबरात बाई गेल्या आणि गाणं पुढे निघालं. 2012 मध्ये ते सौरवाऱ्याच्या हद्दीबाहेर पडलं. गोव्यातल्या केरी गावची, अल्लादियाखाँसाहेबांची ही शिष्या. ध्वनिमुद्रणाला फारशी राजी नसायची म्हणतात. तबकडीबरोबर सुई दिली आहे, कार्ट्रिज दिलं आहे, ती कशी वाजवायची याची कृती आवरणावर चित्रांत कोरली आहे. (चित्रं मी अधिक सुबक काढली असती.) स्पीकर मात्र दिलेले नाहीत. ते परग्रहवाल्यांनी आपापले आणायचे. तिथेही तपकीर गल्ली असणार, आणि ‘बेस ऐका’ हे तिथला पोऱ्या नेमकं कुणाला म्हणतो, हे मला फार जाणून घ्यायचं आहे.

परवा सोसायटीचे काका मेंटेनन्सची पावती द्यायला आले. मागच्या खोलीत डोकावले आणि नवऱ्याला म्हणाले, “झकास! किती वॉटचे?”

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

“आरएमएस विचारताय की पीएमपीओ?” मी म्हटलं, काकांना खुर्चीत बसवलं आणि त्रिकोणापासून सुरुवात केली. पीएमपीओपर्यंत पोचायला पाऊण तास गेला. आता ते पावती सरकवतात दाराखालून.