शून्य टक्क्यांचा ध्यास

अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांचा जिव्हाळा वाखाणण्याजोगा आहे. विल्यम्समध्ये विद्यार्थी जेमतेम २,०००. प्रत्येकाकडे जातीने लक्ष देता यावे, म्हणून १०० अर्जदारांतल्या ९०हून अधिक जणांना दारातूनच निरोप दिला जातो. ॲमर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना, बोडन यांचाही जिव्हाळा असाच कडक.

अर्जासाठी कॉलेजांची यादी करणाऱ्या विद्यार्थ्याची निष्ठाही तोडीस तोड. कॉमन ॲप या सामाईक अर्जप्रणालीवर २० कॉलेजांना अर्ज करता येतो. त्यांतली जी जी ‘आमचेच कॉलेज का?’ असे विचारतात, त्या प्रत्येकाला तो निबंध लिहून कळवतो की आपले मन फक्त तिथेच गुंतले आहे.

आता पुढचे पाऊल उघड आहे. एखाद्या कॉलेजाने धीर करून एकालाही प्रवेश देऊ नये. वर्ग शांत, प्राध्यापक मोकळे, ग्रंथालयातली पुस्तके कोरी करकरीत आणि निवडकपणा निर्दोष. पहिल्याच वर्षी अर्जांचा पूर लोटेल.

तोवर पालकांनी एवढेच पथ्य पाळावे: यादीतल्या एखाद्या कॉलेजाने होकार कळवलाच, तर त्याच्या दर्जाची तातडीने फेरतपासणी करावी.