टीसीकाका

टीसीकाकांच्या लेखी जगात दोनच जाती आहेत: तिकीट असलेले आणि नसलेले. पश्चिम रेल्वेत हयात घालवून ते मीरारोडला शांतीनगरात राहायला आले. काळा कोट खुंटीला गेला, नजर मात्र शाबूत राहिली. जिन्यात समोर आले की भल्याभल्यांचा हात उगाच वरच्या खिशाकडे जातो. पाहुण्यालाही ते ‘या, बसा’च्या आधी ‘कुठून आलात?’ विचारतात. बोरिवलीहून म्हटलं की मनात हिशेब करून म्हणतात, ‘मग एवढा वेळ?’

अशा माणसाच्या हाती कोजागिरीला खुनाचा तपास द्यायची कल्पना कुणाची, हे अजून कुणी कबूल केलेलं नाही.

गच्चीवर दरवर्षी तंबोला व्हायचा. यंदा पोरांनी ‘मर्डर मिस्ट्री’ काढली. खेळ मूळचा विलायती. तिकडे बड्या घरच्या मेजवान्यांत पाहुणे हौसेने खुनी नि संशयित होत. महायुद्धात ती चैन संपली, तेव्हा अँथनी प्रॅट नावाच्या इंग्रज वादकाने तोच प्रकार पटावर बसवला. १९४९ साली तो ‘क्लूडो’ या नावाने बाजारात आला. आमच्या पोरांनी त्याला पटावरून उचलून पुन्हा माणसांत आणला आणि मसाला दुधात विष कालवलं. मेला कोण, तर भाईंदरच्या मिठागराचा मालक. संशयित चार: पुतण्या, मुनीम, आचारी आणि दुसरी बायको. प्रत्येकाला एक चिठ्ठी: तू कोण, तेव्हा कुठे होतास, लपवायचं काय. खोटं बोलायची मुभा फक्त खुन्याला.

काकांनी बाबूराव अर्नाळकर वाचलेत, पण झुंजारविषयी त्यांचं मत फारसं बरं नाही. ‘एका तरी प्रकरणात लोकलने गेला का?’ असं ते विचारतात. तपासासाठी पोरांनी खुर्ची मांडली होती. काका त्या खुर्चीवर बसलेच नाहीत. रेल्वेची जुनी डायरी काखेत मारून गच्चीच्या दाराशी उभे राहिले. पळणारा दारातूनच पळतो, हे ज्ञान त्यांना दादर स्टेशनच्या पुलावर झालेलं आहे.

पहिला पुतण्या.

‘खून झाला तेव्हा कुठे होतास?’

पोराने चिठ्ठीत डोकावून सांगितलं, ‘विरार फास्टमध्ये. मीरारोडला उतरलो.’

‘संध्याकाळी? विरार फास्टमधून? मीरारोडला?’ काकांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘विरारवाल्यांनी उतरू दिलं तुला?’

उभी गच्ची हसली, आणि त्याच क्षणी पुतण्या खोटारडा ठरला. ज्या मुलीने चिठ्ठ्या लिहिल्या ती कळवळून म्हणाली, ‘काका, तो खरंच बोलतोय. नियमच आहे तसा!’

‘नियम तुझा, बाळ. गाडी विरारची.’

मुनीम झाले होते सोसायटीचे खजिनदार. त्यांच्या चिठ्ठीत मिठाच्या गोण्यांची अफरातफर होती. काकांनी गोण्यांना हातच लावला नाही. ‘मे महिन्यात टँकर किती आले?’

‘अहो, खेळातलं विचारा.’

‘खेळातलंच विचारतोय. विष पाण्यातून आलं असेल तर?’

खजिनदारांना घाम फुटला, तो मात्र खेळातला नव्हता. पुढची दहा मिनिटं बिलं, पावत्या आणि एका न सापडणाऱ्या टँकरमध्ये गेली. मिठागराचा मालक मेलाय, हे तोवर सगळे विसरले होते. स्वतः मालकसुद्धा, ते उठून भेळ घ्यायला गेले.

आचारी म्हणजे तळमजल्यावरचे शेठ, भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचा कारखाना असलेले. दूध किती लिटर, कुणी आटवलं, पातेलं कुणाचं, झाकण होतं का, या माऱ्याने ते टेकीला आले. ‘टीसीसाहेब, मीच मारला. लिहून घ्या. इथे खरं दूध थंड व्हायला लागलं.’

लॉ करणारी एक मुलगी मध्ये पडली. ‘पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही हं काका. जुन्या कायद्यात नव्हती, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या साक्ष अधिनियमातही नाही.’

‘मी पोलीस कुठाय? मी रेल्वेचा.’

तरी शेठना त्यांनी सोडलं नाहीच. न विचारता दंड भरायला निघालेला माणूस जवळच्या स्टेशनाचं भाडं भरून लांबचा प्रवास दडवत असतो, असा त्यांचा अनुभव. एरवी हसण्यावारी न्यावं असं बरंच काही काका बोलतात, पण हे वाक्य मी लक्षात ठेवलंय.

राहिली दुसरी बायको. ती झाल्या होत्या पहिल्या मजल्यावरच्या आजी. काका समोर येताच आजींनी, कुणी काही विचारायच्या आत, चिठ्ठी उलगडून त्यांच्या नाकापुढे धरली. काकांची मान सवयीने एकदा हलली, डायरीत बरोबरची खूण झाली, ‘बसा’ म्हणाले आणि पुढे सरकले.

निकाल त्यांनी उभ्यानेच दिला. ‘पुतण्या. भाडं, अधिक २५० रुपये दंड.’

पोरांनी लिफाफा फोडला. खुनी दुसरी बायको. पुरावा म्हणून आजींची चिठ्ठीही मोठ्याने वाचली गेली: ‘खून तुम्हीच केला आहे. ही चिठ्ठी कुणालाही दाखवू नका.’

‘मी दाखवली होती हो यांना,’ आजी म्हणाल्या.

गच्चीवर जो काही हशा उसळला, त्यात काका तेवढे हसले नाहीत आणि ओशाळलेही नाहीत. डायरी मिटत म्हणाले, ‘त्यांच्याजवळ चिठ्ठी होती ना? मग? विनातिकीट कोण होतं ते बोला.’