अस्तर बघितलंस का?

काय गं, आज सुट्टी? नाही, दोरीवर नवीन काहीतरी दिसलं म्हणून विचारते. ती पिवळी कुर्ती जरा कुंपणाजवळ आण बघू. तुळशीबागेतली ना? तरीच. कितीला दिली? साडेचारशे! बरी दिली की. रंग तर गोड आहेच. पण अस्तर बघितलंस का? वरून सुती आणि आत हे सुळसुळीत पॉलिएस्टर. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा 40 ला टेकतो, आणि घाम टिपायचा तो अंगालगतच्या कापडाने. तेच पाणी पीत नसेल तर वरचं सुती असून उपयोग काय?

बरं, कोपऱ्यावरच्या सूनबाईंचं कळलं का? तुला म्हणून सांगते, तिच्या सासूबाईंच्या कानावर जाऊ देऊ नकोस हं. मोबाइलवर सेल लागला म्हणून पाच कुर्त्या मागवल्या. पाच! फोटोवर ठळक ‘कॉटन’, आणि खाली तपशिलात ‘कॉटन ब्लेंड’. म्हणजे मिसळण आली. परवा मला घरात बोलावून दाखवल्या. मी आतल्या शिवणीतून एक धागा उपसला, चिमट्यात धरला आणि गॅसवर नेला. आक्रसला मेला, आणि टोकाला काळा कडक मणी! सुताचं तसं नसतं. ते कागदासारखं भुरकन जळतं, राख चिमटीत चुरली की संपलं. तोंड एवढंसं झालं बिचारीचं, कारण परत करायची मुदत आदल्याच दिवशी संपलेली. आता सासूबाईंना सांगितलंय, मैत्रिणीने दिल्या म्हणून. अशी कुठली गं मैत्रीण?

आणि रेयॉनला कॉटन म्हणून खपवणारेही असतात. वाईट नाही हो ते कापड. लाकडाच्या लगद्यापासून करतात, हाताला गार लागतं, अंगावर छान पडतं. पण ओलं झालं की दम संपतो त्याचा. करकचून पिळायचं नाही, आणि आटतं ते निराळंच. माझ्या भाचीची पोटरीपर्यंतची कुर्ती दोन धुण्यांत गुडघ्यावर आली. आता ती फक्त जीन्सवर घालते, आणि तिच्या ऑफिसात जीन्स शुक्रवारीच चालते.

मला विचारशील तर रोजच्या कामाला कॅम्ब्रिक. इस्त्री संध्याकाळपर्यंत तग धरते आणि फार फिका रंग नसेल तर आतलं दिसत नाही, म्हणजे अस्तराची कटकटच नको. मलमल त्याहून गार, पण झिरझिरीत. ती घेतलीस तर आत सुती अस्तर किंवा सुती स्लिप. बाही कोपरापर्यंत ठेव. बसस्टॉपवर ऊन लागत नाही आणि त्या तुमच्या एसीत दंड गारठत नाहीत.

शिवून घ्यायचं म्हणतेस? लक्ष्मी रोडला कापड हवं तेवढं मिळेल. 44 पन्ह्याचं अडीच मीटर घेतलंस तर तुझ्या मापाची कुर्ती आरामात होते. आधी रात्रभर भिजत घालायचं, आटायचं ते आधीच आटू दे. पण आत्ता शिवून देतोय कोण? लग्नसराई आहे. नाक्यावरच्या टेलरकडे ब्लाउजांचे गठ्ठे छताला लागलेत, मान वर करून बघतही नाही तो. उन्हाळ्याचं शिवण फेब्रुवारीतच टाकायला हवं. आमच्या नणंदबाई दादरहून फोनवर ऐकवतात, आमच्या मंगलदास मार्केटला या, कापड स्वस्त मिळतं. मिळतं ना, पण ते रविवारी बंद, आणि नोकरदार बाईला सुट्टी रविवारची!

तेव्हा यंदा तयारच घे. एक मात्र कर, दुकानात कुर्ती उलटी करून बघ. शिवणीत अर्धा इंच तरी माया सोडलेली हवी. नाहीतर आषाढापर्यंत दोन किलो वजन वाढलं की कुर्ती भावाच्या मुलीला. गडद रंग असेल तर पर्समधला पांढरा रुमाल ओला करून आतल्या बाजूने घास. रुमाल निळा झाला की ठेव खाली. दुकानदार म्हणेल, पहिल्या धुण्यालाच जातो मॅडम रंग. पहिल्या धुण्याला आपल्या नवऱ्याचे बनियनही असतात म्हणावं.

आणि ते 999 च्या आतच बघायचं खूळ सोड आता. पूर्वी हजाराच्या वर गेलं की जीएसटी 5 चा 12 टक्के व्हायचा. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंत 5 च आहे. बँकेतून रिटायर झाले तरी हे आकडे डोक्यातून जात नाहीत बघ. बाराशेची धड सुती कुर्ती तीन उन्हाळे निघते. साडेतीनशेच्या चार घेतल्यास तर दिवाळीपर्यंत त्यांची पायपुसणी होतात. मी तर म्हणते दोनच घे, पण खिसेवाल्या घे.

शनिवारी जाणार आहेस ना? मग अकराच्या आत निघ, नंतर तुळशीबागेत पाय ठेवायला जागा नसते. आणि जाताना मला हाक मार. मलाही दोन गाऊन घ्यायचेत, आणि घासाघीस तुला एकटीला जमायची नाही.