नळीवाले नाना

नगरच्या सावेडीत चक्क पाईपलाईन रोड आहे, तेव्हा नळीतज्ज्ञ तिथेच निपजावा यात नवल नाही. पण केडगाव घ्या की भिंगार, प्रत्येक कॉलनीत एक नळीवाले नाना असतातच. बहुधा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मंडळींनी घरात त्यांना कशालाही हात लावायला बंदी केलेली, त्यामुळे शेजाऱ्यांना सदैव उपलब्ध.

"नाना, ओट्याला ग्रॅनाइट बसवायचंय, तेवढी गॅसची नळी काढून द्या," असा निरोप गेला की चहा अर्धा टाकून ते निघतात. हातात बॅटरी आणि साबणाच्या पाण्याची बाटली. आल्या आल्या काडेपेटी, लायटर आणि घरातल्या सगळ्यांचे मोबाईल जमा करून पडवीत नेऊन ठेवतात. मग सगळ्या कुटुंबाला टाकीपाशी वाकायला लावतात. "गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो. उभं राहून काय वास घेता? आणि गॅसला स्वतःचा वास नसतो बरं का, आपल्याला कळावं म्हणून मुद्दाम घालतात."

वास नाही अशी खात्री पटल्यावर नाना हुकूम सोडतात, "शेगडी पेटवा!"

नळी काढायला आलेला माणूस शेगडी पेटवायला सांगतो म्हटल्यावर आजीबाई देव्हाऱ्याकडे सरकतात. नाना शांतपणे रेग्युलेटरचं बटण बंद करतात. ज्योत बारीक होत होत जाते. "नळीतला उरलासुरला गॅस जळून गेला. आता शेगडीचं बटण बंद. खिडक्या उघडा. आजी, देवापुढचा दिवाही शांत करा."

"भर संध्याकाळी?"

"देव समजून घेतो, गॅस घेत नाही."

पंखा बंद असेल तर लावायचा नाही, चालू असेल तर बंद करायचा नाही. बटणातली ठिणगी नानांना नको असते. रेग्युलेटर टाकीवरून उतरला की पुढचा प्रश्न, "टोपी कुठाय?" टाकीची पांढरी टोपी कुठल्याच घरात जागेवर नसते. ती धाकट्याच्या खेळण्यांत सापडेपर्यंत नाना जागचे हलत नाहीत. स्वतःच्या टोपीचा त्यांना आयुष्यभर पत्ता नसतो, पण टाकी बोडकी राहिलेली चालत नाही.

शेवटी येते नळी. ती शेगडीच्या तोंडाला घट्ट चिकटलेली. घरातला तरुण जोर लावून ओढायला जातो, तोच नाना गरजतात, "ओढू नको, पीळ दे!" दोन हलके पीळ दिले की नळी निमूट निघते. मग चष्मा कपाळावरून खाली येतो आणि नळीवर छापलेलं साल वाचलं जातं. नारिंगी सुरक्षा नळी असली तरी पाच वर्षांनी बदलायची असते. ही लावली तेव्हा थोरली बालवाडीत होती. आता ती अकरावीला आहे. नाना नळी जप्त करतात आणि नवी आयएसआय छापाची आणायला घरमालकाला स्कूटरवर पिटाळतात.

तो येईपर्यंत टाकीच्या कड्यावरचं अक्षर वाचायचा वर्ग भरतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून. पुढचा आकडा तपासणीच्या सालाचा. आपत्कालीन नंबर १९०६ कॅलेंडरवर लिहून घेतला जातो, तोही दुधाच्या हिशोबाच्या वर.

"नाना, दोन मिनिटांचं काम हो," कुणीतरी कुरकुरतंच. त्यावर नानांचं उत्तर ठरलेलं. "१ जून १९४८ ला पहिली एसटी नगरहून पुण्याला गेली. सुखरूप पोचली ना? निघायच्या आधी कुणीतरी गाडीखाली वाकून पाहिलं असणार." याला पुरावा काय, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

नानांना लग्नाला बोलावणं मात्र धाडसाचं काम. अक्षता पडल्या की लोक वधूवरांकडे जातात, नाना आचाऱ्याकडे. तिथे १९ किलोच्या टाक्या ओळीने मांडलेल्या. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून ते बुडबुडा येतो का बघत बसतात. इकडे मांडवात पाहुणे ताटकळतात, वधूपिता घामाघूम होतो. अखेर नाना ओले हात पुसत बाहेर येतात आणि जाहीर करतात, "कुठे फेस नाही. बसवा पंगत!"

फेस तोवर आचाऱ्याच्या तोंडाला आलेला असतो.