नांदेडचा नापास स्टार्टअप

राज्य सरकारच्या २०२५ च्या धोरणाप्रमाणे पाच वर्षांत महाराष्ट्रात ५० हजार स्टार्टअप उभे राहायचे आहेत. राज्यातल्या ३५८ तालुक्यांना ते सारखे वाटले तर आमच्या ब्रह्मपुरी तालुक्याच्या वाट्याला एकशे चाळीसच्या आसपास येतात. धानाच्या चुकाऱ्यांची वाट पाहणाऱ्या तालुक्यात एवढे संस्थापक एकाच वेळी कुठे बसवायचे, ही अडचण पुढे येईलच. त्याआधी जुना हिशेब पाहून घ्यावा. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीतून निघालेले, देशभर पसरलेले आणि एका रुपयाच्या जाहिरातीशिवाय खपलेले एक उत्पादन आपल्याकडे आहे. ते एचएमटी तांदूळ. त्याचे जन्मगाव शेजारच्या नागभीड तालुक्यातले नांदेड (मराठवाड्यातले नव्हे, गुरुद्वारा शोधत कुणी इकडे येऊ नये). संस्थापक दादाजी रामाजी खोब्रागडे, शिक्षण तिसरी, जमीन जेमतेम दीड एकर. स्टार्टअपच्या निकषांवर हा उद्योग तपासला तर तो साफ नापास होतो आणि का नापास होतो ते पाहण्यासारखे आहे.

केंद्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार स्टार्टअप म्हणवून घ्यायला कंपनी किंवा भागीदारी म्हणून नोंदणी लागत होती, वय दहा वर्षांच्या आत लागत होते आणि वार्षिक उलाढाल शंभर कोटींच्या वर गेलेली चालत नव्हती. यांपैकी शेवटची अट दादाजींनी आयुष्यभर काटेकोर पाळली. बाकीच्यांत गोंधळ आहे. १९८३ मध्ये 'पटेल ३' या वाणाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात पेरल्या, त्यांतून पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. पुण्या-बंगळुरूची मुले दिवसातून चार वेळा नवी आवृत्ती सोडतात. खरीप धानाची आवृत्ती वर्षातून एकदा निघते आणि तीत दोष सापडला तर दुरुस्ती पुढच्या मृगानंतर. ही कामाची गती ऐकून कुठलाही गुंतवणूकदार चहा अर्धा टाकून उठेल. तरी १९९० च्या सुमारास हा बारीक, चवदार तांदूळ बाजारात आला, तळोधीच्या व्यापाऱ्याने तेव्हा मनगटामनगटावर दिसणाऱ्या घड्याळाचे नाव त्याला दिले आणि नाव रुळले. पुढे जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने एचएमटीचा घड्याळ कारखाना बंद करायला मंजुरी दिली आणि त्याच महिन्यात 'स्टार्टअप इंडिया'चा नारळ फोडला. तांदूळ तेवढा दोन्हीकडे लक्ष न देता शिजत राहिला.

आता दहा वर्षांच्या अटीकडे या. १९८३ ला स्थापना धरली तर मुदत १९९३ ला संपते. १९९४ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील भात संशोधन केंद्राने दादाजींकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने वाण प्रसारित झाला. म्हणजे स्टार्टअपचे वय उलटताच सरकारी खाते हजर. यंत्रणा वेळ पाळत नाही असे कोण म्हणतो? दादाजींचे नाव मात्र त्या वाणाला लागले नाही. संगणकाच्या जगात याला फोर्क म्हणतात: दुसऱ्याचा खुला कोड घ्यायचा, सुधारायचा आणि आपल्या नावाने चालवायचा. इलॅस्टिकसर्च या खुल्या प्रणालीवर ॲमेझॉनने आपली सेवा उभी केली, तेव्हा मूळ कंपनीने २०२१ मध्ये परवानाच बदलला आणि ॲमेझॉनने ओपनसर्च नावाची वेगळी शाखा काढली. त्या भांडणात दोन्ही बाजूंना वकील होते. नांदेडच्या भांडणात वकील नव्हता, कारण परवाना नव्हता, कारण बियाणे मागायला आलेल्या शेजाऱ्याकडून सही घ्यायची असते हे गावात कुणाला ठाऊक नव्हते.

यावर पहिला आक्षेप येतो तो जाणकारांकडून: लोंब्या निवडणे म्हणजे शोध नव्हे, ते तर निसर्गाने केलेले असते. ठीक. मग जगातले बरेचसे पीकसंशोधन बाद करावे लागेल, कारण संकराची आणि जनुकांची विद्या येण्याआधी वाण याच रीतीने घडले आणि आजही निवडीशिवाय वाण पुरा होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेतकऱ्याच्या घरचे बियाणे मिश्र असते; ते शुद्ध करणे, ठिकठिकाणी चाचण्या घेणे, दरवर्षी तेच गुण उतरतील याची हमी देणे हे विद्यापीठाचे काम, आणि ते काम खरे आहे. पण त्यासाठी पहिल्या माणसाचे नाव पुसावे लागत नाही. प्रोग्रामर ज्या गिट प्रणालीत काम करतात तिथे कोणती ओळ कुणी आणि कधी लिहिली याची नोंद राहते. हजार जणांनी डागडुजी केली तरी पहिला लेखक इतिहासात जागेवर असतो. पिढ्यान्‌पिढ्या सातबारा जपणाऱ्या राज्याला ही कल्पना अवघड वाटायला नको होती.

मग व्यवहारी माणूस म्हणतो, चूक दादाजींचीच. बियाणे वाटले कशाला, कुलपात ठेवायचे. हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा आहे आणि इथेच सगळी फसगत आहे. एचएमटी पसरला तो वाटल्यामुळेच. दीड एकरवाल्याने कुलूप लावले असते तर तो वाण दीड एकरातच म्हातारा झाला असता. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स ही संगणकप्रणाली अशीच जगाला देऊन टाकली, म्हणून आज जगातले बहुतेक सर्व्हर तिच्यावर चालतात. फरक पुढचा आहे. लिनक्सवर धंदा करणाऱ्या रेड हॅट कंपनीने कृतज्ञता म्हणून टोरवाल्ड्सला समभाग दिले होते. आपल्याकडच्या राइस मिलवाल्यांपासून पोत्यावर 'एचएमटी' छापणाऱ्या व्यापाऱ्यांपर्यंत अशी उबळ कुणाला आल्याचे ऐकिवात नाही. अर्थात परदेशातही सगळे सोन्याचे नाही. इंटरनेटवरची निम्म्याहून अधिक कुलपे सांभाळणाऱ्या ओपनएसएसएल या खुल्या प्रणालीला २०१४ पर्यंत वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर देणगी मिळत असे. 'हार्टब्लीड' नावाचे भगदाड सापडले तेव्हा मोठ्या कंपन्यांना त्या फुकट राबणाऱ्यांची एकदम आठवण झाली. धानाला असे भगदाड पडत नाही, ते मुकाट्याने पिकते, म्हणून दादाजींची आठवण कुणाला येण्याचे कारण उरले नाही.

सन्मान मात्र झाले, ते नाकारून चालणार नाही. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार मिळाला. राज्य सरकारने कृषिभूषण दिले आणि सोबत सुवर्णपदक. ते पदक खऱ्या सोन्याचे नाही हे नंतर उघड झाले. शुद्ध बियाण्याचा एवढा आग्रह धरणाऱ्या व्यवस्थेने पदकाच्या शुद्धतेत थोडी सवलत घेतली, इतकेच. २०१० मध्ये 'फोर्ब्स'ने त्यांना देशातल्या सात प्रभावशाली ग्रामीण उद्योजकांत बसवले. कंपनी नसलेला, नफा नसलेला आणि कर्ज असलेला उद्योजक, हा प्रकार शेवटी स्टार्टअपच्या व्याख्येच्या फार लांबही नाही. फक्त इतरांच्या तोट्याला गुंतवणूकदार भरीव टाळ्या देतात, आणि दादाजींच्या शेवटच्या आजारात उपचाराच्या खर्चासाठी मदतीची आवाहने करावी लागली. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेच्या रुग्णालयात ते गेले.

आता कायदा आहे, असे सांगून काही जण निश्चिंत होतात. पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा. त्यात शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते आणि वाण घडवल्याबद्दल हक्क सांगता येतो. कायदा चांगलाच आहे. तो १९९८ च्या प्रसारणानंतर तीन वर्षांनी आला, एवढीच त्याची अडचण. शिवाय नोंदणीचा अर्ज भरणारा शेतकरी आणि लोंबी ओळखणारा शेतकरी एकच असेल हे त्यात गृहीत धरले आहे, आणि नव्या ५० हजारांची भरतीही त्याच गृहीतकावर चालणार: सादरीकरण येते त्याला निधी, धान ओळखता येते त्याला प्रमाणपत्र. दादाजींनी पुढे आणखी वाण काढले: विजय नांदेड, नांदेड हिरा, नांदेड ९२. आणखी एकाचे नाव डीआरके. दादाजी रामाजी खोब्रागडे, ही तीन आद्याक्षरे यावेळी थेट वाणातच शिरली. सिंदेवाहीहून ब्रह्मपुरीकडे येणाऱ्या पोत्यांवर डीआरकेच्या आधी 'पीकेव्ही'सारखी अजून तरी कुणाची आद्याक्षरे चिकटलेली नाहीत, पण धोरणाची पाच वर्षे आत्ता कुठे सुरू झाली आहेत.